बारशाला बोलावलंस म्हणून

मलकापूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. यांची रजा संपली, परवाच ते युनिटला परत गेले. पूजाला म्हणावं, डिंकाचे लाडू संपले असतील तर कळव. आईचे गुडघे कसे आहेत?

बारशाची पत्रिका मोबाईलवर मिळाली. फोन करण्याऐवजी लिहितेय, कारण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग माझ्या हाती काहीच लागत नाही. पत्रिकेखाली लिहिलंयस, 'संध्याकाळी नवीन साउंडचं उद्घाटन.' अंगणात पाळणा आणि त्याच अंगणात तुझ्या डीजेच्या स्पीकरची भिंत. वाचून संताप आला.

भाऊबीजेला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ताईला हवं तेवढंच ऐकायला येतंय." सगळे हसले, मीही हसले. ते माझं हसणं आज परत घेते.

तुला माहीत आहे, मी एसटीत कंडक्टर आहे. भरल्या गाडीत मागून कुणी "पाचवड एक" म्हणालं की आवाज येतो, पण तो कुठून आला ते समजत नाही. मी भलत्याच माणसापुढे हात करते. लोकांना वाटतं बाई गुर्मीत आहे. घरी आले की डोकं असं शिणलेलं असतं की पोरांनी हाक मारलेलीही सोसत नाही. आणि तुम्ही सगळे म्हणता, एक कान गेला तर काय झालं, दुसरा आहे की.

डिसेंबरात वाईच्या स्टँडवर एक गाडी मागे येत होती. "बाई, सरका" असं कुणीतरी ओरडलं. ऐकू आलं मला. मी सरकलेही, पण गाडीच्याच बाजूला. एका म्हाताऱ्या बाईनं पदराला धरून ओढलं म्हणून आज हे लिहितेय. यांना अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. त्यांच्याकडे एका कानाच्या बहिरेपणावर अभ्यास चालू आहे, म्हणून मेंदूचे फोटोही काढले. डॉक्टर मॅडमनी पडद्यावर दाखवलं. म्हणाल्या, "कान आवाज आत घेतो, अर्थ मेंदू लावतो. एक बाजू बंद पडली की मेंदूतल्या भागांचं एकमेकांशी असलेलं दळणवळण बदलतं. दोन्ही कानांचा मेळ घालून दिशा ओळखायची, ते जमत नाही. मग लक्ष देणारे, आठवणारे भाग ऐकण्याच्या कामाला जुंपले जातात. म्हणून तुम्ही थकता. हा आळस नाही आणि ढोंगही नाही." सगळ्यांच्या बाबतीत तंतोतंत असंच होतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी तिथंच रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला खोटं ठरवलं नाही.

त्यांनी विचारलं, कान कशानं गेला? मी नेहमीप्रमाणे तापानं म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच तापानं? मग खरं सांगितलं. आता तुलाही सांगते.

ताप कधी आलाच नव्हता. तुझ्या वरातीत मी करवली म्हणून घोड्याजवळ होते, डावीकडे तुझीच भिंत. मी खुणेनं सांगितलं, आवाज कमी कर. तू हसून हात वर केलास आणि तुझ्या पोरांनी आवाज आणखी वाढवला. सकाळी डावा कान मेलेला होता. नव्या नवरीच्या पायगुणाला बोल लागेल म्हणून मी तोंड मिटून घेतलं. आता मिटणार नाही.

आत्या म्हणून नाव ठेवायला मी येईन. अंगणात भिंत दिसली तर उंबरा ओलांडणार नाही.

क्रांती


मलकापूर,
२४ फेब्रुवारी २०२५

जयराज,

या वेळी खुशाली विचारत नाही. काल सगळं डोळ्यांनी पाहिलं.

पत्राला तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं तू ऐकलंस. वेशीपाशी आले तर तुझ्या अंगणात भिंत उभी. दादासोकाका म्हणाले, "चल की आत, सांजच्याला वाजणार हाय, आत्ता कुठं?" मी फाट्यावर परत गेले आणि गाडीची वाट बघत बसले.

अर्ध्या तासानं पूजा आली. बाळंतीण बाई, डोक्याला रुमाल बांधून, बाळाला घेऊन चालत. मागून आई, काठी टेकत. पूजा एवढंच म्हणाली, "वन्सं, तुमचं पत्र मी वाचलं. पायगुणाचं आधी का नाही सांगितलं? मी सोसलं असतं." तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. एसटीच्या शेडमध्ये, पाळण्यावाचून, मी त्याच्या कानात कुर्र केलं आणि 'शिवतेज' म्हणाले. पाठीत धपाटे घालायला बाया नव्हत्या. आईनंच एक घातला, तोही हलका.

तेवढ्यात तू मोटरसायकलवर आलास आणि डावीकडून हाक मारलीस. मी उजवीकडे पाहिलं. तू पुन्हा ओरडलास, मी आणखी उजवीकडे वळले. तुला वाटलं मी तोंड फिरवलं. आई म्हणाली, "आरं, तिला हाक कुठनं आली त्ये कळत न्हाई रं." तेव्हा तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पण तू गाडी वळवून गेलास.

रात्री पूजाचा फोन आला. भिंत वाजली नाही म्हणे. तू पोरांना परत पाठवलंस, जेवलाही नाहीस. चांगलं केलंस. पण त्यानं माझा राग गेलेला नाही, आणि तो इतक्यात जाईल असंही समजू नकोस. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी वरातीत तुझी भिंत लागणार, आणि तिथंही कुणाची तरी करवली उभी असणार.

बोलायचं असेल तर घरी ये. मागून हाक मारू नकोस. समोर येऊन बस.

तुझी थोरली बहीण,
क्रांती