कोरा वाफा

१२ नोव्हेंबर

शेवटी आमच्या खताच्या चाचणीसाठी आईनेच जमीन दिली. बाकी सगळ्यांनी हात वर केले. मागच्या हंगामात कुण्या भामट्याने बाटल्यांत रंगीत पाणी भरून 'जैविक खत' म्हणून विकलं, आणि आता आमचं नाव काढलं तरी लोक दार लावून घेतात. या भागात जैविक खत बनवणाऱ्या तीन प्रयोगशाळा होत्या. दोन बंद पडल्या. उरलो आम्ही.

आज गहू पेरला. एका वाफ्याला आमचे जिवाणू, हवेतलं नत्र मुळांना पुरवणारे. शेजारचा कोरा – त्याला नुसतं पाणी. युरिया कुणालाच नाही. फरक दिसला तर कंपनी आमची प्रयोगशाळा चालू ठेवणार, नाही तर गाशा गुंडाळायचा.

आईला पुन्हा पुन्हा बजावलं – कोऱ्याला काही द्यायचं नाही. "कळलं गं. मला काय कुकुलं बाळ समजतेस?"

१५ डिसेंबर

फरक दिसतोय! आमचा गहू गर्द हिरवा, कोरा पिवळट, केविलवाणा. तंत्रज्ञाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर – "मॅडम, दुसरीकडच्या नोकरीचे अर्ज फाडू का?" थांब जरा, म्हटलं. मनातल्या मनात मी माझेही फाडले.

३ जानेवारी

कोरा सावरतोय. का? थंडीमुळे असेल. मला हे अजिबात आवडलेलं नाही.

२९ जानेवारी

मुख्य कार्यालयातून साहेब आले. बुटांना चिखल नको म्हणून बांधावरूनच बघितलं. "या पाट्या काढल्या तर तुम्हाला तरी ओळखता येईल का?" नसतं आलं. दोन्ही वाफे सारखेच हिरवे, सारखेच उंच. खोटं कसं बोलू? प्रयोगशाळा बंद, यंत्रं न्यायला पुढच्या महिन्यात गाडी येणार. आईने चहा आणला, तोही न घेता गेले.

डोकं भणभणतंय. राग साहेबांचा नाही, त्या गव्हाचा येतोय. इतक्या वर्षांची मेहनत अशी मातीत जाऊ देणार नाही. कुठेतरी घोळ आहे आणि तो मी शोधणार.

३० जानेवारी

आईला सरळ विचारलं – युरिया टाकलास का? "तुझी शपथ, एक दाणा नाही." माझी खोटी शपथ आई घेणार नाही.

मग दोन्ही वाफ्यांतली रोपं मुळासकट उपटून आणली. मुळांवर कोणकोणते जिवाणू आहेत ते प्लेटवर वाढवून बघायचं. तंत्रज्ञ म्हणाला, "आता कशाला मॅडम, गाडी येतेय." गाडी येईपर्यंत प्रयोगशाळा माझी आहे. लाव म्हटलं.

२ फेब्रुवारी

प्लेटवर अजून काही नाही. दर तासाला प्लेट उबवायचं कपाट उघडून बघतेय. तंत्रज्ञ हसतोय. हसू दे.

६ फेब्रुवारी

आमच्या जिवाणूंचे ठिपके गुलाबी येतात. पेरणीआधी त्या मातीत एकही नव्हता. आज कोऱ्या वाफ्याच्या प्लेटवर गुलाबीच गुलाबी.

तशीच घरी गेले. आई भांडी घासत होती. "कोऱ्याला काय दिलंस?" विचारलं. मान वर न करता म्हणाली, "पिवळा पडला तेव्हा तुझ्या उरलेल्या कॅनमधलं ओतलं. एकाला पोटभर वाढायचं आणि शेजारच्याला उपाशी ठेवायचं – मला नाही बघवलं. तू युरियाचं विचारलंस, तो नव्हताच टाकला."

तिच्या गळ्यात पडले, तिच्या साबणाच्या हातांसकट. मग साहेबांना फोन लावला – गाडी थांबवा, तुमचा कोरा वाफाही आमच्यावरच जगलाय.