अठ्ठेचाळीस अर्धे तास

बारामती,
बुधवार, दुपार

प्रिय तात्या,

शाळेत वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहायला शिकवलं होतं, आणि त्याचे गुणही मला पुरते मिळाले होते. पण तीर्थरूप लिहिलं की पुढं ‘मी इकडे खुशाल आहे’ असं लिहावं लागतं, आणि आज तेवढंच लिहिता येत नाहीये. घाबरू नका. तब्येत ठीक आहे, नळाला पाणी येतं, घरमालकीण कुरकुर करते पण भाजी झाकून ठेवते. मी फक्त गोंधळलेय. एका फॉर्मवर मीच लाल पेनानं केलेली दुरुस्ती आज सकाळी खोडलीय आणि आता पुढं काय करायचं हे शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. एवढ्याशा गोष्टीवरून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण शेवटपर्यंत वाचा, आणि आईला वाचून दाखवायच्या आधी एकदा स्वतः वाचा.

तुम्ही गावात सांगता, लेक आकड्यांच्या हापिसात हाय. त्या हापिसात मी नेमकं काय करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही कधी धड सांगितलं नाही. आमचं सर्वेक्षण सुरू आहे ते माणसांच्या वेळेचं. आमची मुलं गावोगाव जातात, चिठ्ठी टाकावी तशी घरं निवडली जातात, आणि घरातल्या प्रत्येकाला विचारलं जातं की काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलंत. दर अर्ध्या तासाचं वेगळं. म्हणजे माणशी अठ्ठेचाळीस रकाने. एमएस्सीला दोन वर्षं मी जे शिकले त्यात माणसं नव्हती, फक्त समीकरणांतली अक्षरं होती. इथं पहिल्याच आठवड्यात शिकायला म्हणून मला कऱ्हाटीला पाठवलं, तर सारजाबाई नावाच्या एका बाई मला म्हणाल्या, काय न्हाय केलं, घरीच हुते. मी रकाना रकाना विचारत गेले. बेरीज साडेपंधरा तास कामाची निघाली. त्यांनाच ते खरं वाटेना, त्या म्हणाल्या, बाई, तुझं काहीतरी चुकतंय. मला फार हसू आलं होतं आणि परत येताना वाटलं होतं की आपण बरोबर ठिकाणी आलो.

आता मी गावात जात नाही. टेबलावर बसते आणि भरून आलेले फॉर्म तपासते. फॉर्मवर नाव नसतं, गावाचाही नुसता क्रमांक असतो. नाव असलेलं पान वेगळं काढून साहेबांच्या कपाटात कुलपात जातं. रुजू होताना आमच्याकडून लिहून घेतलंय की कुणाच्या घरातलं काही बाहेर बोलणार नाही. माझ्यापुढं असतो तो फक्त व्यक्ती क्रमांक एक, पुरुष, वय अमुक. व्यक्ती क्रमांक दोन, स्त्री, वय तमुक. माझं काम एवढंच की बेरीज जमते का, आणि लिहिलेलं पटण्यासारखं आहे का, ते बघायचं. पटलं नाही तर लाल पेन. साहेब मला म्हणाले होते की नवीन असून तुमची नजर चांगली आहे. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर असतं, म्हणून ते वाक्य मी दोन दिवस डोक्यावर घेऊन फिरत होते.

गेल्या सोमवारी एक फॉर्म आला. पुरुष, एकसष्ट. स्त्री, छप्पन्न. घरात दोघंच. पुरुषाच्या रकान्यात लिहिलेलं: चूल पेटवणे, चहा, अंगण झाडणे, भाकरी, भांडी, धुणं. पत्नीला अंघोळ घालणे. पत्नीला भरवणे. पत्नीच्या उजव्या हाताचा व्यायाम करून घेणे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि एका रकान्यात, पत्नीची वेणी घालणे, पूर्ण अर्धा तास. स्त्रीच्या रकान्यात मात्र झोपणे, बसणे, बसणे, झोपणे.

मी हसले, तात्या. खरंच हसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दाखवून म्हटलं, बघ, पोरानं रकाने उलटे भरलेत. आमच्यात ही चूक खूप होते. क्रमांक एकचं दोनमध्ये आणि दोनचं एकमध्ये. मला शंकासुद्धा आली नाही. मीही खेड्यातच वाढलेय. आपल्याकडं पुरुषाला पाण्याचा तांब्या हातात लागतो. तुम्हाला तर साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हेही ठाऊक नव्हतं. आई दोन दिवस मामाकडं गेली की तुम्ही चहाला चौकात जायचात. एकसष्ट वर्षांचा माणूस भाकरी थापतोय आणि बायकोची वेणी घालतोय, हे मला पटलं नाही. म्हणून मी लाल पेनानं मोठा बाण काढला, सगळं काम उचलून बाईच्या रकान्यात टाकलं, ‘पत्नीला’चं ‘पतीला’ केलं, खाली ‘रकाने अदलाबदल, दुरुस्त केले’ असं लिहून सही केली. त्या सहीबरोबर घरातलं आजारी माणूसच बदललं, हे माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, बरोबर, म्हाताराच आजारी असणार. वेणीच्या रकान्याचं मात्र काय करावं सुचेना. तिथं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

साहेब कधीकधी दुरुस्त केलेला फॉर्म भरणाऱ्याला दाखवून घ्यायला सांगतात. हा फॉर्म सुमितचा होता. सुमित इंदापूरकडची गावं करतो. शांत आहे, फारसं बोलत नाही. काल त्याला बोलावलं आणि जरा वरच्या आवाजातच विचारलं की असे रकाने उलटे कसे होतात. त्यानं फॉर्म बघितला, माझा बाण बघितला, आणि म्हणाला, मॅडम, उलटं काही नाही. मी तिथं बसलो होतो तेव्हा ते भाकरीच करत होते. मी हट्टानं म्हटलं की तुम्हाला सांगताना त्यांनी गंमत केली असेल. तेव्हा त्यानं खिशातली वही काढली. ही मुलं घरात जे ऐकतात ते आधी वहीत उतरवतात.

ते गृहस्थ आधी काही सांगायलाच तयार नव्हते, असं तो म्हणाला. नाव लिहिताय का, हे त्यांनी तीनदा विचारलं. सुमितनं समजावलं की नाव वरच्या हापिसात कुणालाच दिसत नाही. तरी त्यांनी पुन्हा खुंटा हलवून बघितला, आणि मग म्हणाले, “माझी लेक बारामतीला असल्याच आकड्यांच्या हापिसात हाय. तिला हे कळाया नगं. कळलं तर ती नोकरी सोडून हितं यील. नाव दिसत नसंल तर लिवा, सगळं खरं सांगतो.”

पुढं सगळं भरून झाल्यावर त्यांनी फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून बोटानं रकाने मोजले आणि सांगितलं, सत्तेचाळीसच भरलेत, एक राहिला. तो राहिलेला रकाना वेणीचा होता. सुमितला तो लिहायचा की नाही कळत नव्हतं.

सुमितला माझं गाव माहीत नाही. आपलं आडनाव तर तालुक्यात दर चौथ्या दारावर आहे. तो बिचारा माझ्याकडं बघत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, ठेवून जा. आणि मग हापिसाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले.

मला तिथं सगळ्यात आधी काय आठवलं असेल? कारखान्याचा काटा. तुम्ही काट्यावर होतात आणि मी तिसरीत. शाळा सुटली की मी तुमच्या खोलीच्या खिडकीपाशी उभी राहायचे. ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की तुम्ही मला विचारायचात, छकुले, किती? मी सांगायचे, अकरा टन. तुम्ही म्हणायचात, मला बी तेवढंच वाटतंय. मग काटा नऊ दाखवायचा आणि तुम्ही नऊ लिहायचात. एकदा मी रुसले होते, दोघांनाही अकरा वाटलं तर नऊ कशाला. तेव्हा म्हणालात, “आपल्याला वाटलं ते वाटलं. लिवायचं काट्यावर आलं त्येच.” संख्याशास्त्र मी तिथं शिकले, कॉलेजात नंतर. आणि पहिल्याच नोकरीत, काट्यावर आलेलं खोडून मला वाटलं ते लिहिलं. तेही कुणाचं खोडलं?

आता मला बाकीचं एकेक जुळतंय आणि जुळू नये असं वाटतंय. संक्रांतीनंतर मी घरी आले नाही. आधी तुम्ही म्हणालात आईची दाढ काढलीय, बोलताना दुखतं, म्हणून तुम्हीच फोनवर. मग म्हणालात, नवी नोकरी हाय, रजा काढू नगंस. मग रस्ता उकरलेला. मग मी रविवारी निघते म्हटलं तर तुम्ही दोघं नेमके मामाकडं निघालेले. आई फोनवर दोनच शब्द बोलते, बरी हाय, आणि ते दोन शब्दही जड येतात. मी म्हणायचे, दाढेवर लवंग धर. तात्या, मी संख्याशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी, आणि दोन महिने एक दाढ दुखते यावर मी विश्वास ठेवला.

मला तुमचा राग आलाय. इतका की काल संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम लवकर ठेवला. मला आईसाठी रडू येतंय. आणि ह्या सगळ्यात, हे लिहायला लाज वाटते, मला तुमचं कौतुकही वाटतंय, आणि ते नेमकं कुठं ठेवू हे समजत नाही. तुम्ही लेकीला खोटं सांगू शकलात, पण कागदावर खोटं लिहवेना. तुम्ही खरं सांगितलंत ते नाव दिसणार नाही या भरवशावर. तो भरवसा आमच्या हापिसानं दिलेला, म्हणजे मीच दिलेला. मग मला जे कळलं ते मला कळलंय का? नियमाचं पुस्तक दोनदा वाचलं. माहिती दुसऱ्याला देऊ नये असं आहे. ज्याची आहे त्यालाच सांगितली तर काय, ते कुठंच लिहिलेलं नाही. साहेबांना विचारायचं तर घराचं नाव सांगावं लागतं. नोकरी सोडून येऊ का, तर तुम्ही त्याच भीतीनं लपवलंत. न येऊ, तर मी कोण? तुम्ही दोघांनी मिळून मला इथं पाठवलंत, आई बसस्टँडवर तोच उजवा हात हलवत होती. सकाळपासून एकीकडं ठरवते आणि दुसरीकडं मोडते.

एवढं मात्र आज सकाळी केलंय. माझा बाण खोडला. खाली लिहिलं, ‘दुरुस्ती माझी चूक होती. मूळ नोंद बरोबर आहे.’ वेणीवरचं प्रश्नचिन्हही काढलं. तसाच फॉर्म साहेबांपुढं ठेवला. त्यांनी भुवया वर केल्या, शेरा काय लिहितील माहीत नाही. लिहोत.

उद्या गुरुवार. तुम्ही दुपारच्या एसटीनं डबा घेऊन स्टँडवर याल, गेले पाच गुरुवार येताय तसे. दहा मिनिटं थांबाल, मी भरलेला डबा घेईन, गेल्या वेळचा रिकामा देईन. तेवढ्या वेळात तुमच्या तोंडाकडं बघून मला हे विचारता येणार नाही आणि तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र रिकाम्या डब्यात घालतेय. मी उद्या काही बोलणार नाही. तुम्ही घरी जा, डबा उघडा, आईला वाचून दाखवा. मग शुक्रवारी मला फोन करा आणि आईला काय झालंय, केव्हा झालंय, डॉक्टर काय म्हणतात, ते तुमच्या तोंडानं सांगा. म्हणजे ते मला हापिसातून कळलेलं राहणार नाही, माझ्या बापाकडून कळलेलं असेल. शनिवारी सकाळी मी येतेय. नोकरी सोडून नाही, रजा टाकून. पुढचं आपण तिघं बसून ठरवू. आईची वेणी मी घालीन, तो अर्धा तास तुम्ही बाहेर बसा. आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या डब्याच्या वेळी मी नाक मुरडून म्हटलं होतं, आईला सांगा, भाकरी जाड झालीय, कडेला कच्ची राहतेय. तुम्ही नुसतं बरं म्हणालात आणि एसटीत जाऊन बसलात. तात्या, गेल्या गुरुवारची भाकरी पातळ होती, पापुद्रा सुटलेली. मी चारही खाल्ल्या.

तुमचीच,
छकुली