तांबडा दोरा

१२ जुलै १९८४, बेळगाव

धारवाडहून मागवलेली लेखाची झेरॉक्स अखेर आली! डीएनएच्या अक्षरावर मिथाइलचा बारीकसा तुकडा चिकटतो — अक्षर तेच राहतं, पण जनुक गप्प बसतं. पेशी दुभंगली तरी ती खूण पुढे जाते. दोनदा वाचून काढलं. बी.एस्सी.च्या वर्गाला हे सांगायचंच.

१४ जुलै

उदाहरण सापडलं — आक्का आणि मी! हुबेहूब जुळ्या. लहानपणी आईचीसुद्धा गफलत व्हायची, म्हणून तिनं आक्काच्या मनगटाला विडीचा तांबडा दोरा बांधला होता. आता मी इथं कॉलेजात शिकवते आणि आक्का निपाणीत विड्या वळते.

सात वर्षांच्या होतो. बोर्डिंगचे मास्तर घरी आले, दोघींना गणितं घातली, एकीलाच नेलं. मला. तिला का नाही? मी जास्त हुशार, असं मनाशी म्हणत आले. खरं सांगायचं तर थोडा तोराही आहे त्याचा.

१७ जुलै

दिवसभर पेपर तपासले. डोळे चुरचुरतायत.

२२ जुलै, रविवार

निपाणीला जाऊन आले. आक्काच्या मांडीवर सूप, हात काही थांबत नाहीत. तिला मिथाइल समजावलं.

"म्हंजे पान त्येच, तंबाखू तीच, वरनं खूण तेवढी येगळी," म्हणाली. माझ्या वर्गातल्या पोरांना दोन तास लागतील!

शेवटी धीर करून विचारलं, "मास्तरांनी मलाच नेलं, तुला वाईट वाटलं न्हाय?"

"तुला तंबाखूचा ठसका लागायचा गं. खोकून खोकून निळी पडायचीस. वखारीत टिकली नसतीस तू." मग म्हणाली, "चहा घे, निवतोय."

ठसक्याचा इथं काय संबंध?

२३ जुलै

पहाटे जाग आली आणि उठून ट्रंकेतली डबी उघडली. त्यात तांबडा दोरा आहे. बोर्डिंगला निघाले त्या सकाळी आक्कानं स्वतःच्या हाताचा सोडून माझ्या हाताला बांधला होता. आठवण म्हणून दिला, असं समजून चोवीस वर्षं जपला.

मास्तरांना आमची नावं कुठं ठाऊक होती! गणितं घालून परत जाताना एवढंच म्हणाले होते — "तांबड्या दोऱ्याची तयार ठेवा."

निवडलं होतं ते आक्काला.