दर्यात पान ठेवू नये

१३ सप्टेंबर, शनिवार

पोचलो एकदाच्या! खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या नूतनने ही वही माझ्या हातात कोंबली. म्हणाली, आई, पुढच्या वर्षी बाजारातल्या सगळ्या जणी येणार म्हणतात ना, मग पहिल्यांदा जहाजावर जाताना काय करावं नि काय करू नये ते लिहून ठेवा. सातवी शिकलेल्या बाईला असा मान मिळाला तर कोण सोडेल? तर बायांनो, मी कोकिळा, रेवदंड्याच्या बाजारात तुमच्याच शेजारी टोपली घेऊन बसणारी, आज तरंगत्या इमारतीत पंख्याशिवाय गार बसून लिहिते आहे.

मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत यायला संध्याकाळ करतात. म्हणून गोळ्या, चष्मा नि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मी ठेवले नव्हते, घामाच्या साडीतच जेवायला गेले. इस्त्री, किटली, नारळ आत नेऊ देत नाहीत. दर्याला द्यायला आणलेला माझा नारळ तपासणीवाल्या पोरीने काढून घेतला. मी म्हटलं, बाई गं, नारळाने मी काय जहाज बुडवणार आहे? हसली, पण दिला नाही. सुके बोंबील मात्र साडीच्या घडीत होते, ते तिच्या नाकाला कळले नाहीत.

खोली खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध मागा, तिथे कमी हलतं. दाराची चावी म्हणजे एक कार्ड असतं, ते गळ्यात अडकवा. जेवण तिकिटातच आहे म्हणून ताटावर तुटून पडू नका, आल्याचा तुकडा चघळत बसा. हसू नका, बोट कोळणींनाही लागते! दर्याने आपली पोटं भरली, पण आपण बायका कधी दर्यात गेलो? मांडव्याहून बोटीने भाऊच्या धक्क्याला, एवढाच आपला प्रवास.

तिकिटं नूतनच्या न्हावा शेव्याच्या ऑफिसातून मिळाली, चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून. खरं तर पितृपक्षात मौजेला कोण जातं? दुसऱ्या कुणी घेतली नाहीत म्हणून तिला मिळाली. जहाज अर्धं रिकामं आहे. मैत्रिणीला न्यायचं सोडून तिने सासूला आणलं. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे, अलिबागच्या हर्षदशी. स्थळ मीच आणलं. माझ्या पोराच्या, विनेशच्या मागे ती तीन वर्षं माझ्याजवळ राहिली, म्हसळ्याच्या माहेरी गेली नाही. तिशीही न गाठलेल्या पोरीला मी किती दिवस धरून ठेवू? हे सगळं खरं, तरी तिच्या बोटातली हर्षदची अंगठी दिसली की माझ्या छातीत कळ येते. तेही खरंच.

उजेड होता तोवर गॅलरीतून आपला किनारा दिसत होता. कोर्लईचा डोंगर दिसला नि मी आत येऊन बसले. त्याच्याच समोर विनेशची बोट उलटली. बाकीचे पोहून आले. माझा आला नाही, सापडलाही नाही. नूतनने मला चहा आणून दिला.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळ

झोप छान लागली. सपाट चपला आणा, जिने फार. खोली आवरायला नदीम म्हणून मुलगा येतो, श्रीवर्धनचा निघाला. मला मावशी म्हणतो. टॉवेलची घडी घालून हत्ती करतो, बदक करतो. मी त्याला म्हटलं, आता पापलेट करून दाखव. तर खरंच केलं.

आज अष्टमी. विनेशची तिथी.

रविवार, दुपार

घरी कौलांवर पान ठेवायला आमच्या चुलतसासूबाई, आवडाबाई आहेत. त्या ठेवणारच होत्या. पण ज्या पाण्यात माझं पोर आहे त्याच पाण्यावर मी बसलेय आणि त्याला घास दुसऱ्या कुणाच्या हातचा जावा, हे मला सोसेना. वरून भात नि वरण आणलं, माझे सुके बोंबील ठेवले, कागदाची ताटली गॅलरीच्या कोपऱ्यात मांडली. नूतन आंघोळीला गेली होती.

कावळा कुठून येणार? पण डोकं चाललं नाही, सवयीने वाट बघत राहिले. पान शिवलं नाही की आपण काय करतो? मेलेल्याचं काय राहिलंय ते विचारत जातो, वचन देत जातो. तसंच केलं. म्हटलं, विनेशा, तुझी बोट विकली नाही रे. तुझ्या बापाचं औषधपाणी नीट करते. भात तसाच. मग रडू फुटलं. म्हटलं, नूतन पाहिजे का तुला? आणलीय बघ. तुझीच आहे ती, पण जेव रे बाबा.

पदराने डोळे पुसले. बघते तर ताटली स्वच्छ. भाताचं शीत नाही, बोंबलाचा काटा नाही. नुसती ओली.

मी हात जोडले. तीन वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

रविवार, संध्याकाळ

नदीम विचारत होता, तिसरा टॉवेल मिळाला ना मावशी? मी म्हटलं, कुणी मागितला? तर म्हणाला, गॅलरीत भाऊ उभे होते, त्यांनी हात केला. दुसऱ्या खोलीत बघितलं असशील, म्हणून मी त्याला घालवला.

टॉवेल गॅलरीत पडला होता. चिंब. डिझेल नि मासळीचा वास, बोटीवरून आला की विनेशच्या अंगाला यायचा तसाच. घाबरायला हवं होतं. मी तोंड खुपसून वास घेतला.

१५ सप्टेंबर, सोमवार, सकाळ

आज गोव्याला उतरायचं होतं, ते रद्द. समुद्र खवळलाय म्हणून जहाज बंदराला लागणार नाही, बाहेरूनच परत फिरणार. असं होतं म्हणे, बायांनो, कुरकुर करू नका. पण मला आज उतरायचं होतं.

नूतन म्हणाली, आई, रात्री पाय किती छान चेपलेत तुम्ही. मी चेपले नव्हते. तिच्या केसांना हात लावला तर मिठाने चिकट झालेले. बोटांची टोकं सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यासारखी. बोटं सुजली म्हणून हर्षदची अंगठी साबणाच्या ताटलीत काढून ठेवली आहे. त्याचे फोन येतात, ती बघते आणि उलटा ठेवते.

ही भातशेतीतली पोर. ओहोळात गुडघाभर पाण्यातसुद्धा माझा हात सोडत नाही. न्याहारीहून आले तर ही गॅलरीच्या कठड्यावर बसलेली, पाय बाहेर सोडून, खाली बघून हसत होती. दंडाला धरून आत ओढली. मला म्हणाली, इतकं काय झालं, तो धरून होता की.

मी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

सोमवार, दुपार

वायफाय आधीच घेऊन ठेवा. वेळेला लागतं.

आवडाबाईंना फोन केला, सगळं सांगितलं.  त्या ओरडल्या, अगो, दर्यात पान ठेवतात काय? तुला कुणी सांगितला न्हाय? कावळा जमिनीचा. तो घास घेतो, निरोप पोचवतो आणि मेलेल्याला पलीकडेच ठेवतो. म्हणून तर पान कावळ्याला. दर्यात मधे कुणीच न्हाय. ज्याच्या नावाचं पान, तो स्वतःच येतो. आणि जेवला की वचन घेऊन जातो.

मी विचारलं, वचन मागे कसं घेऊ. त्या रडायला लागल्या. फोन तुटला.

नदीमला सांगून खोली बदलून घेतली. आतली, खिडकी नसलेली. जुन्या खोलीचं कार्ड परत द्यायचं राहिलं, ते गळ्यातच आहे. बायांनो, गॅलरीची खोली छान वाटते. नका घेऊ. आतली घ्या.

सोमवार, संध्याकाळ

जुन्या खोलीत गेले. पुन्हा पान ठेवलं. म्हटलं, विनेशा, पोरीला सोड, मला ने. मी म्हातारी झाले, मला काही नको, मी तुझ्याजवळ येते. आनंदाने येते.

अंधार पडेपर्यंत उभी राहिले. भात वाळून कडक झाला. शीतसुद्धा हललं नाही.

मी नको आहे त्याला.

ज्याला नऊ महिने पोटात वाढवलं, ज्याच्यासाठी तीन वर्षं रोज दार लावायच्या आधी खाडीकडे बघितलं, त्याला आई नको. लिहिताना लाज वाटते, पण नूतनच्या भीतीपेक्षा आत्ता हेच जास्त दुखतंय.

खाली नव्या खोलीत आले तर नूतन भिंतीपुढे उभी. कोरी भिंत. तळहात टेकवून, कान लावून. भिंत पाझरत होती. बोट लावून चाखलं.

खारट.

१६ सप्टेंबर, मंगळवार, सकाळ

परत आलो, पण बंदरात जागा नाही. जहाज बाहेरच थांबवलंय. वर जाऊन बघितलं.

समोर कोर्लई.

इतक्या मोठ्या दर्यात हे इथेच —

नूतन माझ्याशी बोलत नाही. विचारते फक्त, कोर्लई आलं का? पुन्हा पुन्हा तेच, आलं का? तोंड उघडलं की ओठांतून पाणी गळतं. पुसते. पुन्हा गळतं.

डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, जहाज लागल्यामुळे होतं. गोळी दिली.

मंगळवार, थोड्या वेळाने

हर्षदला फोन लावून दिला. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, बाबा, ती उत्तर देवो न देवो, तू बोलत राहा, फोन ठेवू नकोस. त्याने का म्हणून विचारलं नाही. बोलत सुटलाय, मांडवाचं, आचाऱ्याचं, तिच्यासाठी रंगवलेल्या खोलीचं. नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी गरम होतं. मी गालाला हात लावून बघितलं.

चांगला मुलगा आहे. मी नीट बघूनच दिलाय.

नदीमला नूतनच्या दाराशी बसवलं. मी हाक मारली तरी उघडायचं नाही, असं बजावलंय. बिचारा घाबरलाय, पण बसलाय.

नूतनचा पिवळा पंजाबी घातलाय. मला घट्ट होतो. तिचं तेल केसांना चोपडलं, तिची ओढणी डोक्यावरून घेतली. इथे जुन्या खोलीत, साबणाच्या ताटलीत तिची अंगठी तशीच राहिलीय. ती नाही घातली. ती हर्षदची आहे.

आता बाहेर आलेय. गॅलरीत. पाठ दाराकडे, तोंड कोर्लईकडे.

मी आई म्हणून नको ना. मग नूतन म्हणून ने. आयुष्यात पोटच्या पोराला पहिल्यांदा फसवतेय. कठड्यावर वही ठेवून लिहितेय. तोंड फिरवायचं नाही. काही बोलायचं नाही. आवाजाने ओळखेल.

ऊन चांगलं आहे. खाली पाणी अगदी गप्प —

कठडा ओला झाला.

मागे पावलं. अनवाणी. पाणी ठिबकतंय.

खांद्यावर हात. गार. बोटं तशीच, अंगठ्याला जाळ्याच्या दोरीचा घट्टा — माझं बाळ — वळायचं नाही, कोकिळा, वळायचं नाही —

नूतन, असं म्हण रे. म्हण आणि ने मला. तेवढंच —

केसांचा वास घेतला त्याने. थांबला.

आये, म्हणाला.

आये. नूतन मला आई म्हणते. आये म्हणणारा जगात एकच होता. ओळखलं त्याने. आता तो मला सोडून खाली तिच्याकडे — ओ दिली नाही तर जाईल — दिली तर —

पुन्हा म्हणाला. रडवेला. लहानपणी ताप आला की म्हणायचा तसा. आये, मला गार वाजतंय.

ये रे राजा, ये, इकडे ये, माझ्या कुशीत, तिच्याकडे नको, मी आहे ना, मी तुला घट्ट ध