हौद्यातली तिसरी खूण

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तू फोन उचललास की तुझ्या शेजारी बाबा बसलेले असतात आणि माझ्या तोंडून ‘बरंय’ याच्यापलीकडे काही निघत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

अखेर गाडी घेतली. पिकअप आहे, पांढरी, दुसऱ्याने वापरलेली. फरशी बसवण्याच्या कामाला दरवेळी कुणाचा तरी टेम्पो सांगायचा आणि त्याच्या मर्जीची वाट बघत फरश्यांच्या ढिगावर बसून राहायचं, याचा कंटाळा आला होता. गाडी चालते छान. घोडं अडलंय ते मागच्या, माल टाकायच्या हौद्यापाशी. फरशीच्या कडा धारदार, वाळू ओली, कटरचं पाणी गळतं. उघड्या पत्र्यावर हे सगळं टाकलं तर दोन वर्षांत हौद्याची चाळणी होईल. म्हणजे आतून अस्तर, लायनर हवंच.

दुकानात तीन प्रकार आहेत. एक काळ्या प्लास्टिकचं तयार लायनर, हौद्याच्या मापाचं, टबासारखं आत बसतं. दुसरं फवारून मारतात, त्याचा जाड खरखरीत थर पत्र्याला कायमचा चिकटतो. तिसरी नुसती रबरी गादी, अंथरायची आणि हवी तेव्हा गुंडाळायची. आठवड्यात चारदा दुकानात जाऊन आलो. पहिल्या दिवशी दुकानदाराने बसायला स्टूल दिलं होतं, आता देत नाही, कारण मी बसतच नाही. तुझी भावजय म्हणते की तिला होकार द्यायलाही मी इतका वेळ घेतला नव्हता. काम करताना मध्येच उठतो, गाडीपाशी जातो, हौद्यात हात फिरवतो आणि परत येतो. परवा एका घरी एक फरशी उलटी लावली. घरमालकिणीने दाखवली तेव्हा कळलं.

बाबांना विचारशील का? पत्र्यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. माझं नाव घेऊ नकोस. कुणीतरी गिऱ्हाईक विचारतंय, असं सांग. त्यांचा शब्द आला की मी डोळे मिटून घेऊन टाकीन.

तुझा आणि बाबांचा लोभ आहे असं धरून चालतो, नसेल तर कळवू नकोस.

तुझा
भुंगा


९ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

लहानपणी तू जेवताना ताटाभोवती फेऱ्या मारायचास म्हणून तुला हे नाव पडलं. आता तेच दुकानाभोवती चाललंय, म्हणजे जित्याची खोड. गाडी घेतलीस याचा आनंद झाला. कागदावर लाल डाग दिसेल तो रक्ताचा नाही, नंबरप्लेटच्या रंगाचा आहे. अजून वर्कशॉपच्या पुढच्या अर्ध्या भागात बसून मी नंबर रंगवते. मागचा, बाबांच्या पत्राकामाचा भाग चार वर्षांपासून बंद आहे तसाच बंद.

तू सांगितलंस तसं बाबांना विचारलं. त्यांनी विचारलं, कुणाची गाडी? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाची. तर म्हणाले की मला पत्र्यातलं काही विचारत जाऊ नकोस, माझा कान गेलाय, उगाच आणखी कुणाचा पाय मोडायचा. आणि उठून गेले.

हे तुला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. दूधवाले काका त्यांच्या गाडीच्या हौद्याचा पत्रा तुटून खाली गेले आणि त्यांचा पाय मोडला, त्या दिवसापासून बाबांनी दहाचा पाना हातात धरलेला नाही. ज्या पान्याने ठोकून, नुसत्या आवाजावरून ते पत्रा कुठे सडलाय ते सांगायचे, तो खिळ्याला टांगलाय आणि त्यावर कोळ्याने संसार थाटलाय. आता पत्र्याचं राहू दे, बाकी कशाच्याही बाबतीत ते स्वतःच्या कानावर विश्वास ठेवत नाहीत. दार वाजलं का, कुकरची शिट्टी झाली का, नळ गळतोय का, प्रत्येक गोष्ट मला दोनदा विचारतात. मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले की या वयात इतके चांगले कान त्यांनी बघितले नाहीत. बाबा बाहेर येऊन म्हणाले, डॉक्टर भला माणूस आहे, म्हाताऱ्याचं मन राखलं.

आणखी एक. येत्या २५ तारखेला एक पत्राकामवाला येऊन बाबांची सगळी हत्यारं विकत घेऊन जाणार आहे. वेल्डिंगचा सेट, कातरी, शिकंजा, सगळं. माझा जीव तुटतो, पण बाबांपुढे माझं काही चालत नाही. अडतीस वर्षांचं काम आहे रे ते.

आता तुझं. लायनरच्या निमित्ताने तू ताकाला जाऊन भांडं लपवतो आहेस, असं मला वाटतंय. एवढा फरशीवाला तू, तुला रबर आणि प्लास्टिकमधला फरक कळत नाही होय? काय ते सरळ लिही.

माया आहे तितकीच आहे, फक्त सध्या चौकशीखाली आहे.

तुझी
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाडीतच वाचलं. २५ तारीख वाचली आणि उतरून गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

दरम्यान मी प्लास्टिकचं लायनर घेतलं होतं. बसवलं, बोल्ट आवळले, अगदी नवी गाडी दिसायला लागली. दुकानदार म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते ऐकलं आणि मी तडक घरी निघालो. दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट काढून लायनर परत नेलं. त्याने वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग फवारणीवाल्याकडे गाडी लावली, त्याने मशीन सुरू केलं आणि मी त्याला थांबवून गाडी बाहेर काढली. कारण लायनर कुठलंही असो, त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही. मी स्वतः पाना घेऊन माझा हौदा ठोकला. मागच्या उजव्या कोपऱ्यात आवाज दबका येतो असं वाटतं. पुन्हा ठोकलं की वाटतं नाही येत. बाबांना एका ठोक्यात कळलं असतं.

ताई, त्यांना कळलं होतं. दूधवाल्या काकांच्या गाडीतही कळलं होतं.

ती गाडी दुरुस्तीला आली त्या दिवशी त्यांनी हौदा ठोकून खडूने तीन ठिकाणी फुल्या मारल्या. मला सांगितलं, तिन्ही जागा कापून नवा पत्रा जोड, मग लायनर बसव. आणि ते जेवायला गेले. काका घाई करत होते, दूध उन्हात होतं. मी दोन जागा केल्या. तिसरी टोकाला होती, हौद्यात चढायच्या शिडीपाशी. वरून पत्रा चांगला दिसत होता. मी ओल्या फडक्याने खडू पुसला आणि वर लायनर टाकलं. दोन महिन्यांनी काका कॅन उचलून नेमके त्या कोपऱ्यावर उभे राहिले.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. पण बाबांनी लायनर उचकटलं, खाली दोन ठिगळं आणि एक भोक बघितलं, आणि मला विचारलं की त्यांनी खुणा किती केल्या होत्या. त्यांना तीन आठवत होत्या, पण खात्री नव्हती. मी म्हणालो, दोन.

त्या एका शब्दावर त्यांनी स्वतःचा कान मोडीत काढला. पंधरा दिवसांनी मी इकडे निघून आलो. तुम्हाला वाटलं मला शहराची हौस. तू त्यांना सांगशील का? मी चार वर्षं शब्द जुळवतोय, जुळत नाहीत.

आता लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो.

तुझा
भुंगा


१७ मार्च

भुंग्या,

आज नमस्कार-आशीर्वाद काही सुचत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

तुझं पत्र वाचून माझ्या हातातली पाटी वाया गेली. सातचा नऊ झाला. चार वर्षं मी या माणसाला शिट्टी झाली, दार वाजलं, नळ बंद आहे, हे सांगत आले. कधी कधी वैतागून सांगितलं. त्यांना तिरसट उत्तर दिलं, ते सगळं आता मला आठवतंय, आणि त्याचा राग मी तुझ्यावरच काढणार. काका अजून काठी टेकत येतात. बाबांसमोर बसतात, म्हणतात की तुझा काय दोष, जुना पत्रा होता. आणि बाबा मान खाली घालून ऐकतात. काकांनी त्यांना माफ केलंय अशा गोष्टीसाठी जी त्यांनी केलीच नाही.

मी नाही सांगणार. तुझं पत्र लाल रंगाच्या डब्याखाली ठेवलंय आणि तिथेच राहील. मी सांगितलं तर ते म्हणतील की ताई माझं मन राखतेय, डॉक्टरसारखं. ज्याने दोन म्हटलं त्यानेच तीन म्हणायला हवं.

शब्द जुळत नाहीत म्हणतोस. एकच तर शब्द आहे, तो जुळवायला काय फरशी आहे? २५ तारखेच्या आत पोचेल असं टाक. आणि लायनरचंही त्यांनाच विचार, स्वतःच्या नावाने.

रडू येतंय ते रागाचं आहे, असं समज.

ताई


१९ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दूधवाल्या काकांच्या गाडीच्या हौद्यात तुम्ही तीन खुणा केल्या होत्या. तिसरी मागच्या टोकाला, शिडीपाशी होती. ती मी पुसली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी दोन म्हणालो. ते खोटं होतं.

तुमचा कान बरोबर होता. तेव्हाही, आणि मला वाटतं आजही.

कारणं लिहून तीन कागद फाडले. घाई होती, दूध उन्हात होतं, मी घाबरलो होतो. त्यातलं एकही पुरेसं नाही. काकांना मी स्वतः येऊन सांगेन. तुम्ही ये म्हणालात तर तुमच्यासमोर उभा राहीन, नको म्हणालात तर काकांकडूनच परत फिरेन. हत्यारं मात्र देऊ नका.

मी एक जुनी पिकअप घेतली आहे, फरशीच्या कामासाठी. हौद्याला काय घालावं ते ठरत नाही. मागे उजवीकडे आवाज मला नीट कळत नाही.

तुमच्या लोभावर माझा हक्क नाही, म्हणून तो मागत नाही. उत्तर मात्र मागतो.

तुमचा
भुंगा


२६ मार्च

चि. भुंगा यास,

तुझं पत्र परवा पोचलं. सकाळी वाचलं, दुपारी पुन्हा वाचलं. ताईला दाखवलं तर तिला आधीच ठाऊक असावं असं तिचं तोंड झालं.

राग आला आहे. काकांचा पाय मोडला त्याचा कमी आहे. घाईत हातून होतं, माझ्याही हातून झालं आहे. तू दोन म्हणालास त्याचा आहे. चार वर्षं मी रोज स्वतःला खोटं पाडलं. हा राग लवकर जाईल असं सांगत नाही.

काल तो पत्राकामवाला हत्यारं न्यायला आला. त्याला चहा दिला. तो पीत होता तोवर मी खिळ्यावरचा पाना काढला, पुसला, आणि बाहेर त्याची गाडी उभी होती ती ठोकली. डाव्या दाराच्या खालची पट्टी सडलेली निघाली. तो मानायला तयार नव्हता, चांगला रंग आहे म्हणाला. मी स्क्रूड्रायव्हर लावला, तो आत गेला. आता ती पट्टी बदलायचं काम आपल्याकडेच ठेवून गेला आहे. हत्यारं जागेवर आहेत. ताई आत जाऊन का रडली ते मला कळलं नाही, पण रडण्याचा आवाज मात्र मला बाहेर ऐकू आला आणि मी कुणाला विचारलं नाही.

आता लायनर. प्लास्टिकचं घेऊ नकोस. त्याच्याखाली पाणी साचतं, वाळू घासते, आणि वरून काही दिसत नाही. फवारलेलं चांगलं असतं, पण नव्या पत्र्यावर किंवा कोरा करकरीत साफ केलेल्या पत्र्यावर. तुझ्या पत्र्याची मला खात्री नाही. रबरी गादी घे, जाड, खाली खाचा असलेली. फरशी सरकणार नाही. दर शनिवारी गादी उचलायची, झाडायची, पत्रा वाळू द्यायचा आणि डोळ्याने बघायचा. उचलता येईल तेच अंथरावं.

पण गादीसुद्धा आत्ता नको. हौदा उघडा ठेवून गाडी इकडे घेऊन ये. आधी काकांकडे जा, मग इथे ये, हा क्रम चुकवू नकोस. पत्राच्या वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरलो नाही. समोर आलास की देईन.

हौदा मी ठोकतो, खुणा मी करतो. मोजायच्या तू, माझ्यासमोर, मोठ्याने.

बाबा