मुळा निघेपर्यंत

४ ऑक्टोबर
सुट्टी. ही गेल्याला आज दीड महिना. मेहुणा सासूबाईंना न्यायला गाडी घेऊन आला होता. "ताईच नाही, आता आईचं इथे काय?" — त्याचं म्हणणं. चूक नाही. मी चहा गाळत राहिलो. राहा म्हणायचा मला काय हक्क?
सासूबाई म्हणाल्या, "मुळा लावलाय. तो निघाला की येते."
मुळा लावलेलाच नव्हता! गाडी वळल्यावर मला म्हणाल्या, "जावईबुवा, कुदळ काढा."

६ ऑक्टोबर
ऑफिसातून आल्यावर मागचा वाफा खणला. चांगला खोल. खडे वेचले — खडा आडवा आला की मुळ्याला फाटे फुटतात म्हणे. मी मोजणी खात्यातला माणूस. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली.
"मुळाच पेरायचाय. हद्द नाही आखायची."
सासूबाईंनी दोरीकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठ्याने खळगा, त्यात तीन बिया, की पुढचा खळगा. एखादी मुंग्या नेतात, एखादी कुजते, असा त्यांचा हिशेब. ओळ पार वाकडीतिकडी.
नळाजवळच्या खिळ्याला हिचे हातमोजे तसेच लटकलेत. दोघांपैकी कुणीच घातले नाहीत.

१० ऑक्टोबर
उगवले!

२१ ऑक्टोबर
विरळणी. दर खळग्यात एकच रोप ठेवायचं. मला उपटवेना.
"चांगलं दिसेल ते ठेवा."
"सगळीच चांगली दिसतायत."
सासूबाई हसल्या. ही गेल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "सगळी ठेवलीत तर नुसत्या शेपट्या मिळतील." आणि खाली बसून त्यांनीच भराभर उपटली.

८ नोव्हेंबर
संध्याकाळी वाफ्यातून त्यांची हाक आली — हिच्या नावाने. "पाणी आण गं थोडं."
मी झारी भरून नेली. त्यांनी घेतली.

२२ नोव्हेंबर
मुळ्यांनी मातीबाहेर पांढरे खांदे काढलेत. सासूबाई रोज बोटाने माती सारून जाडी बघतात, परत झाकतात. "अजून आठवडाभर राहू देत." गेल्या आठवड्यातही हेच म्हणाल्या होत्या. मीही मान डोलावली होती.

२९ नोव्हेंबर
आता थांबलं तर जून होतील. नळाकडचे काढले. एकेक कोपरापर्यंत लांब, सरळ. फाटा एकालाही नाही. चकत्या केल्या, मीठ लावलं.
"तिखट आहे," मी म्हणालो.
"फारच."
बराच वेळ दोघं डोळे पुसत बसलो. एवढा काही तिखट नव्हता.

२ डिसेंबर
मेहुण्याचा फोन. "भाऊजी, मुळा लावलाय की सागवान? तेराला येतो. आईला तयार ठेवा."
सासूबाईंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. थोड्या वेळाने — "माळ्यावरची बॅग काढून द्याल?"
काढली. पुसली. त्यांच्या पलंगाशी ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं. दाराशी उभा राहिलो, मग दिवा लावून बाहेर आलो. दिवा लावायची गरज नव्हती, उजेड होता.

६ डिसेंबर
दुपारी त्या झोपल्या होत्या. वाफ्याची नळाकडची बाजू रिकामी झालीय. दोरी बांधून एक ओळ पेरली. माती सारखी केली, दोरी काढली, खुंट्यांची भोकंसुद्धा बुजवली. शुद्ध वेडेपणा. त्यांनी विचारलं तर काय सांगणार?
पण पेरली.

९ डिसेंबर
ऑफिसात नकाशावर हद्द चुकीची काढली. खोडली. परत चुकली. साहेब म्हणाले, "आज लवकर घरी जा."
घरी आलो तर बॅग अजून रिकामीच. सासूबाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

११ डिसेंबर
सकाळी वाफ्यात हिरवं दिसलं. माझी ओळ जेमतेम माती फोडतेय. तिच्या अगदी शेजारून दुसरी ओळ — वाकडीतिकडी, तीन-तीनचे पुंजके, पानं चांगली उघडलेली. माझ्या आधी पेरलेली!
सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मेहुण्याला फोन केला. म्हटलं, मुळा अजून निघायचाय.
मग स्टूल घेतलं आणि बॅग माळ्यावर ठेवून दिली.