घाटावरचा फुकट वारा

तीर्थरूप दाजी,

नमस्कार. तुमची कंबर एव्हाना वाकायला राजी झाली असेल आणि ताईनं तुम्हाला जिना चढायची परवानगी दिली असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. (बायको म्हणते, एवढं लिहून पत्र संपवा. पण मग आम्ही दवाखान्यात पोचलो कसे, ते कोण सांगणार?)

डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. दुपारच्या आत नाही पोचलो तर महिनाभर थांबा, म्हणून सकाळचीच बस धरली. ड्रायव्हर भलता काटकसरी. उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकायचा आणि डिझेल वाचलं म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचा. (बायको त्या वेळी डोळे मिटून घ्यायची.) पण घाटमाथ्यावर चहाला थांबला, तेव्हा हाच गृहस्थ इंजिन चालू ठेवून खुशाल आत जाऊन बसला. बाहेर उभ्या ट्रकांचीही तीच तऱ्हा. गाड्या घरघरताहेत आणि मंडळी बशीत चहा ओतून निवांत.

वारा तर असा, की माझी टोपी दरीत गेली. समोर डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आणि एकीचंही पातं हलत नव्हतं. हॉटेलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, फार वारा सुटला की तेवढी वीज तारांना पेलत नाही, म्हणून बंद ठेवतात. हे त्याला ओरडून सांगावं लागलं, कारण त्याच्या पंख्यासाठी मागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता. (पंखा. त्या वाऱ्यात. म्हणे माश्या बसतात.) मी सासूबाईंना सांगितलं की एवढ्या वाऱ्यात चक्क्या बंद आहेत. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मला दिसत नाही म्हणून काहीही सांगू नका."

तुम्ही मला ओळखता. मला राहवलं नाही. वर वारा वाया, खाली डिझेल वाया, यावर मी ड्रायव्हरला चांगलं सुनावलं. तो बिचारा मुकाट्यानं उठला आणि इंजिन बंद करून आला. चहा संपला, सगळे चढले आणि गाडी काही सुरू होईना. स्टार्टर गेलेला होता. "म्हणूनच तर बंद करत नव्हतो, साहेब," तो म्हणाला. रागावला नाही, हेच जास्त लागलं. मग काय, सगळे पुरुष खाली उतरलो. वारा नेमका समोरून. त्या डोंगरावरच्या वाऱ्यानं त्या दिवशी काम केलं ते एवढंच, आणि तेही आमच्या विरुद्ध. बस तसूभर हलेना. बायको खिडकीतून सारखी घड्याळाकडे बघत होती, माझ्याकडे मात्र मुळीच नाही. शेवटी ट्रकवाले (आपापली इंजिनं चालू ठेवून) धावून आले, सगळ्यांनी मिळून रेटा दिला आणि गाडी माझ्या तोंडावर काळा धूर सोडून सुरू झाली. दवाखान्यात पोचलो, तेव्हा नर्स दार लावत होती. माझा अवतार बघून तिनं आधी मलाच खाटेवर निजवलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि परतीच्या वाटेवर सासूबाईंनी उघड्या डोळ्यानं घाट बघितला. वारा बेताचा होता आणि चक्क्या झकास फिरत होत्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या, लहान मुलीसारख्या. मलाही फार बरं वाटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढाली पाती तुम्हाला फिरताना दिसली नाहीत? आता तुम्हीही डोळे दाखवाच."

ताईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. : सासूबाईंना आता सगळंच दिसतं. माझी कॉलर, माळ्यावरची जळमटं, मी चोरून घेतलेली साखर. तुमच्याकडची हवा चांगली. त्यांना पंधरा दिवस बोलावून घ्या, पण तुम्हालाच सुचलंय असं लिहा.

ता. क. २ : पत्र टेबलावर राहिलं आणि त्यांनी ते चष्म्याशिवाय वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्यात. त्या येताहेत. सोबत मीही यावं, असा हुकूम आहे. म्हणतात, हवा मलाच जास्त हवी.